अप्पांच्या खिडकीला काय लावावं?

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (लेखीच समज; कंबर धरल्यामुळे प्रत्यक्ष वाकणं सध्या बंद आहे). तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला? इकडे सगळे ठणठणीत आहेत, फक्त डोकं कुणाचंच ठिकाणावर नाही.

कारण अप्पांची खिडकी. मागच्या खेपेला तू तिथला जुना पडदा तुझं शिवणयंत्र झाकायला नेलास, तेव्हापासून दुपारचं ऊन थेट त्यांच्या उशीवर येतं. हिचं म्हणणं, ब्लाइंड्स लावू, दोरी ओढली की काम झालं. अप्पांना लाकडी झडपाच हव्यात. का, तर झडप आपटता येते. समोरच्या खिडकीत कंपाउंडरकाका बसतात ना (बुद्धिबळातली एक चाल परत मागितली म्हणून अप्पांनी ज्यांच्याशी बोलणं टाकलं, ते), त्यांच्या तोंडावर! मी मधल्यामध्ये. सकाळी झडपांच्या बाजूचा असतो, जेवण झालं की ब्लाइंड्सच्या. हे पत्र लिहितानाही दोनदा उठून खिडकी मोजून आलो. माप दर वेळी वेगळं येतं. (टेप बदलायला हवी की मी, यावर हिचं मत विचारू नकोस.)

शेवटी ब्लाइंडवाल्याने नमुन्यादाखल एक ब्लाइंड लावून दिला. काल सकाळी अप्पांनी दोरी अशी काही ओढली, की पट्ट्या तिरक्या होऊन खाली आल्या त्या वर जाईनात. "असू दे," अप्पा म्हणाले, "त्याचं तोंड तरी दिसत नाही." आणि मग खोलीभर येरझाऱ्या. चहा गार केला, पेपर उलटा धरला. समोरची खिडकी उघडलीय का रे, असं मला येताजाता विचारलं. तुम्हाला काय करायचंय, म्हटलं तर माझ्यावरच डाफरले.

जेवायला बसतोय तोच दाराची बेल वाजायची थांबेचना. दारात कंपाउंडरकाका! एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात सुनेची, काखोटीला रक्तदाबाचं यंत्र. मला बाजूला सारून थेट आत. "खिडकी का बंद? आहे ना हा?"

"आहे!" अप्पा कॉटवरून ओरडले. "आणि चाल परत मिळणार नाही!"

काकांनी मटकन बसून आधी अप्पांचा रक्तदाब घेतला. तो बरा निघाला. मग अप्पांनी हट्टाने काकांचा घ्यायला लावला, तर तो आभाळाला भिडलेला. खरं सांगतो ताई, मला भरून आलं. पण तेवढ्यात दोघांचं जोरात जुंपलं, म्हणून रडायचं राहून गेलं. आज पुन्हा अबोला आहे.

तर तू मोठी, तूच सांग, झडपा की ब्लाइंड्स? मी सुताराला आणि ब्लाइंडवाल्याला, दोघांनाही 'उद्या' सांगत सुटलोय.

तुझा,
एका जागी बसवत नसलेला भाऊ

ता. क. – काही सांगू नकोस, जुना पडदाच परत पाठव. अप्पा अडून बसलेत. पडद्याच्या मधलं भोक उंदराने पाडलेलं नाही. उशीला टेकलं की अप्पांचा डोळा नेमका तिथे येतो. उघड्या खिडकीतून बघितलं तर आपण बघताना काकांना दिसतो, तेच त्यांना सोसत नाही. काल काकांना घरी सोडायला गेलो होतो. त्यांच्याही पडद्याला तसंच भोक आहे.

आणखी एक ता. क. – तुझा स्वभाव मी ओळखून आहे. भोक रफू केलं असशील, तर आधी उसव, मग पाठव.