पलंगाखालची हद्द

प्रिय एमॉस,

तुझा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे आणि तुझी बहीण तुला रोज उकडलेला कोबी खाऊ घालते आहे, हे कळलं. ब्रिस्टलच्या जिन्यावरून पडायला तुला नेमका आपल्या दोन गावांच्या हद्दफेरीचाच आठवडा सापडावा, याला काय म्हणावं. तू नाहीस अशी ही माझ्या आठवणीतली पहिलीच फेरी. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, स्पष्टच लिहिते. ओढ्याजवळच्या कुंपणावरून उतरताना हात द्यायला यंदा शेजारच्या गजनबाई होत्या. त्यांनी मला हात दिला की माझ्या आधाराने त्याच उतरल्या, हे अजून ठरायचं आहे. असो. फेब्रुवारीत तू मला जे विचारलंस, त्यावर मी ‘तुमच्या थोरल्या टिबरीची होऊन मी मरणार नाही’ एवढंच म्हणाले होते आणि तू टोपी घालून निघून गेलास. तुझा प्रश्न मी विसरलेले नाही. पण आधी फेरीत काय झालं ते ऐक, नाहीतर कुणीतरी तिखटमीठ लावून तुला कळवेलच.

सगळं सुरू झालं ते तुमच्या थोरल्या टिबरीच्या नव्या पाद्रीबाबांमुळे. लाइल माणूस चांगला आहे, पण त्याला नकाशांचं वेड. हद्दीवरची झाडं आणि दगड छड्यांनी बडवत आम्ही माझ्या घरामागे पोचलो, तर हा नकाशा उघडून म्हणतो, “मिस फेलगेट, तुमची मागची खोली बहुतेक आमच्या चर्चच्या हद्दीत, आमच्या पॅरिशमध्ये येते.” आमचे पाद्री पॉम्फ्रेट एरवी कानाने अधू, पण हे मात्र त्यांना लख्ख ऐकू आलं. “बहुतेक? बाप्तिस्म्यापासून आमची आहे ती. चर्चच्या किल्ल्या तिच्याकडे असतात. ती काय बहुतेक आहे?” त्यावर लाइल नम्रपणे म्हणाला, की पलंग ज्या पॅरिशमध्ये, माणूस त्या पॅरिशचं, अशी जुनी रीत आहे. मागच्या खोलीत माझा पलंग आहे हे अख्ख्या धाकट्या टिबरीला ठाऊक आहे, कारण तिथली खिडकी लागत नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. ज्या गावाला मी जन्मभर नावं ठेवली, त्याच गावची मी निघणार की काय.

आपल्या दोन टिबऱ्या झाल्या कशा, ते तुला सांगायला नको. पण मी ते लाइलला पुन्हा ऐकवलंच. नॉर्मन सरदाराच्या दोन मुली, एकमेकींचं तोंड बघेनात, म्हणून बापाने जहागीर वाटून दिली. थोरलीला थोरली टिबरी, धाकटीला धाकटी. मध्ये एक दगड रोवला आणि म्हातारा शांतपणे मेला. तो दगड कुठे गेला हे मात्र कुणालाच माहीत नाही. फेरी माझ्या घराला वळसा घालून जाते, कारण आमची आजी बागेतून जाणाऱ्यांच्या अंगावर केरसुणी घेऊन धावायची. तो वळसाच मग हद्द होऊन बसला. आपल्याकडे चूक दोन पिढ्या टिकली की तिला परंपरा म्हणतात.

इतक्यात कर्नल स्ट्रोड पुढे आले. आपले जहागीरदार, आता चौऱ्याऐंशीचे. “नकाशा ठेवा खिशात,” ते म्हणाले. “लहानपणी आजोबांनी मला त्या दगडावर बुडाने आपटलं होतं, जन्मभर हद्द लक्षात राहावी म्हणून. तेव्हा घराचा हा मागचा भाग नव्हता. डोकं विसरतं हो, बूड नाही विसरत.” असं म्हणून ते सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरले आणि एकेका फरशीवर बसून बघू लागले. “छे, ही गुळगुळीत आहे. ही पण नाही. माझी टोचायची.” मागे छड्या घेऊन दोन्ही गावं. मग मागच्या खोलीत जाऊन पलंग सरकवायला लावला. पलंगाखाली काय काय निघालं ते मी लिहिणार नाही, गजनबाई सांगतीलच. पलंगाच्या पायथ्याशी एक ओबडधोबड दगड फरशीत बसवलेला आहे. खोली बांधताना उचलायचा कंटाळा आला म्हणून आमच्या आजोबांनी तो तसाच ठेवला असणार. कर्नल त्यावर बसले, आणि त्यांचा चेहराच बदलला. “हाच,” म्हणाले. “आजोबा हसत होते, आणि मी रडत होतो.” म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांना उठवता येईना. एका हाताला पॉम्फ्रेट, एका हाताला लाइल, असे ओढून काढले. दोन्ही पॅरिशनी मिळून केलेलं हे पहिलंच काम.

निकाल असा, की दगडाच्या अलीकडची चूल धाकट्या टिबरीत आणि पलीकडचा पलंग थोरल्या टिबरीत. लाइलने “स्वागत आहे” म्हणून टोपी काढली, तेव्हा त्याला छडी मारावीशी वाटली. पॉम्फ्रेट म्हणाले, “डॉर्कस, पलंग हलव. आत्ताच्या आत्ता.” आणि आमच्या गावच्या चार माणसांनी तो उचलून चुलीशेजारी आणून ठेवलाही. पॅरिशची अब्रू राहिली. मी मात्र कांद्याच्या वासात झोपले, म्हणजे नुसती पडून राहिले. विचार करत होते, की सगळं आयुष्य मी थोरल्या टिबरीत झोपत आले आणि मला काहीसुद्धा झालं नाही. मग मी तुला ‘नाही’ म्हटलं ते कशासाठी? गावासाठी की नुसत्या भीतीसाठी? या वयात कुणाची सवय करून घ्यायची, याची मला भीती वाटली होती, एमॉस. गावाचं नाव मी उगीचच पुढे केलं.

काल चर्चच्या किल्ल्या मी पॉम्फ्रेटांना परत दिल्या. ते माझ्याशी बोलत नाहीत. रविवारचं प्रवचन बहुधा गद्दारीवर असेल. मग गजनबाईंना बोलावून पलंग पुन्हा मागच्या खोलीत नेला. “कशाला हो हा उपद्व्याप?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एका माणसाला पत्र लिहायचं आहे, त्याच्याआधी हे व्हायला हवं. आता आपण दोघंही एकाच पॅरिशचे, तेव्हा लग्नाची हाक, ती तीन रविवारची जाहीर घोषणा, तुमच्या चर्चमध्येच घालावी लागेल. लाइलला मी काही सांगितलेलं नाही, ते तू येऊन सांग. घर सोडून मी येणार नाही, तूच इकडे ये. झोपायला तुला तुझंच गाव मिळेल. सकाळच्या चहापुरतं तेवढं माझ्या गावात यावं लागेल.

तुझीच, आणि आता तुझ्याच पॅरिशची,
डॉर्कस