टाकीनंतरचं पहिलं दळण

प्रिय टाकीबहाद्दर,

बावीस वर्षांनी माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत, पण पाकीट फेकू नकोस. आपल्या ‘जोडी’ पिठाचा इतिहास छापायचं माझ्या लेकीने मनावर घेतलंय आणि ती एकाच पानावर अडून बसलीय: पिठाला कच लागली ते साल. त्या पानावर तुझं नाव कसं जावं, एवढाच प्रश्न उरलाय.

बाकीची पानं मी तिला घडाघडा सांगितली. सायकलच्या दुकानामागची पहिली गिरणी. तू घसरलेला पट्टा चढवायचास, तोवर मी गिऱ्हाइकांना गप्पांत गुंतवायचो. दोन दगडांची जोडी, आपल्या दोघांची जोडी, म्हणून ते नाव. छापखान्याने पहिल्या पिशव्यांवर मात्राच गाळली, ‘जाडी’ पीठ! तू म्हणालास, “राहू दे, दळतोस तसंच छापलंय.” मग बसून पाचशे मात्रा आपण पेनने दिल्या. लेक हसून लोळली.

आता तीन गिरण्या आहेत. दुसरी कालव्याकाठी. तिसरीत सगळं यंत्रांवर, तरी दगडांची एक जोडी मी हट्टाने बसवलीच. दारातूनच आवाजावरून सांगतो कुठला दगड बोथट झालाय. नवे इंजिनिअर पैजा लावतात आणि हरतात. तुझ्यासारखी टाकी मात्र कुणाच्या हाताला नाही. बोथट दगडावर छिन्नीने नव्या रेघा पाडताना तू श्वाससुद्धा बेताने घ्यायचास.

कच लागली त्या वेळीही टाकी तशीच लावली होतीस. टाकीनंतरचं पहिलं दळण कोंड्याचं, म्हणजे दगडाची सुटलेली कच त्यात निघून येते, आणि ते फेकून द्यायचं, हा तुझा नियम. संध्याकाळी घरी जाताना बजावलंस, “कोंडा मी सकाळी आल्यावर घालतो. तू हात लावू नकोस, घायकुत्या.” बेकरीवाल्याची गाडी दारात उभी होती. मी गहू ओतला. दगड किरकिरला. मला ऐकू आलं, स्वच्छ ऐकू आलं, आणि तरीही मी पोती भरली. दुसऱ्या दिवशी पावात कच, एका आजोबांचा दात गेला, बेकरीवाला तावातावाने आला. मी तुझ्याकडे बोट दाखवलं, “टाकी याने लावलीय.” कोंड्याचं पोतं अजून न उघडलेलं, शिवलेलंच होतं. तू त्या पोत्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि हत्यारं उचलून गेलास. पुढे एकाही गिरणीने तुला दगडाला हात लावू दिला नाही. कुलपं दुरुस्त करायला बसलास, हे माझ्या कानावर आलं होतं. मी गिरण्या वाढवत राहिलो.

परवा हे सगळं लेकीला सांगितलं. तिने पेन माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, “बाबा, हे तुमच्याच शब्दांत जाणार. आणि काकांना ते पुस्तकातून कळता कामा नये.” म्हणून हे पत्र. पान मी स्वतः लिहिलं, आज तिन्ही गिरण्यांतल्या माणसांसमोर उभं राहून वाचलं, आणि सोबत जोडलंय. सोमवारी छापायला जाईल. शेवटची ओळ कोरी ठेवलीय, ती तुझी. शिवी लिहिलीस तरी काना-मात्रेसकट छापेन.

तुझाच,
घायकुत्या