ओट्यामागच्या निळ्या टाइल्स

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो उभ्यानेच केला आहे, गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इकडे सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे, पण मोठ्या बहिणीशी खोटं कसं बोलू? मी साफ बुडालो आहे.

तुझ्या भावजयीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, हे तुला ठाऊक आहेच. त्यानंतर ती चार दिवस तिच्या बहिणीकडे गेली आणि मला अवदसा आठवली. लग्नापासून तिचं एकच मागणं, ओट्यामागच्या भिंतीला टाइल्स. दरवेळी काहीतरी आडवं आलं. (एकदा माझी स्कूटर आली, ती अजून आडवीच आहे.) म्हटलं, मिस्त्री परवडत नाही, पण रंग तर परवडतो! टाइल्स रंगवूनच काढू. रंगाच्या दुकानदाराने समजावलं, आधी पांढरा हात द्या, त्यावर चिकटपट्ट्यांच्या चौकटी मारा, आत निळा भरा आणि पट्ट्या ओढून काढा. पट्टीखाली पांढरं राहील, तोच सांधा. जाताजाता 'भिंत सोड्याने धुऊन घ्या' असंही तो म्हणाला होता. मी फडका मारला. आपल्या घराण्यात फडका मारला की भिंत धुतली असंच धरतात. पण त्या भिंतीत इतक्या वर्षांचं तेल मुरलेलं! पहिली पट्टी ओढली, तर सांधा राहिला बाजूलाच, पांढऱ्यासकट अख्खी टाइल हातात आली आणि खालचा जुना पोपटी रंग दात काढून हसायला लागला. मी तिथेच स्टुलावर बसून रडलो, ताई. मग भिंत धुऊन सगळं पुन्हा केलं. कंबर त्यातच गेली आणि तिसरी ओळ वाकडी झाली ती झालीच.

ती आली. दारातूनच तिची नजर भिंतीवर गेली. मग "अहो, टाइल्स बसवल्यात?" एवढंच म्हणाली आणि डॉक्टरांनी मनाई केलेली असताना रडली. मला सांगायचं होतं, रंग आहे गं. तोंडातून निघालं, "मग! मिस्त्री चांगला मिळाला." इतक्या वर्षांत तिला एवढं खूश मी पाहिलं नव्हतं. आता ते कोणत्या तोंडाने परत घेऊ?

रंग स्वस्तातला. दूध तापलं की टाइल्सना निळा घाम फुटतो. म्हणून स्वयंपाक मीच करतो, एका हाताने ढवळत आणि दुसऱ्या हाताने ताट धरून वाफ अडवत. ती शेजारणींना सांगते, ऑपरेशनपासून हे माझी किती काळजी घेतात! ऐकून मेल्याहून मेल्यासारखं होतं. अजून तिला अंधुकच दिसतं, पण आठवड्याभरात तिचा नवा चष्मा येईल. मग संपलंच सगळं.

भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. : आता खरं काम. तिला पंधरा दिवस तुझ्याकडे बोलावून घे, गुडघ्यांचं निमित्त सांग. तेवढ्यात कुणाच्या तरी हातापाया पडून खरा मिस्त्री आणतो. वाचून झाल्यावर पत्र फाडून टाक.

आणखी एक ता. क. : वन्सं, नमस्कार. मला दिसत नाही या भरवशावर ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं. परवापासून मला लख्ख दिसतंय. आयतं जेवण मिळतंय म्हणून बोलले नाही. टाइल्स रंगाच्या आहेत हे तर पहिल्याच दिवशी हात फिरवल्यावर कळलं होतं. रडू मात्र खरंच आलं होतं. तर मला नको, ह्यांना बोलवा. माझ्या साठवणीतून मी मिस्त्री ठरवला आहे. रंग तोच निळा, आणि तिसरी ओळ ह्यांच्यासारखीच वाकडी बसवायला सांगितली आहे. ह्यांना फरक कळता कामा नये.