निळ्या चुलीचे दार

मी, खाली सही करणारी आर्मेल झानेला, माहेरची केमेनेर, वय वर्षे बहात्तर, बॉयलरच्या कारखान्यातील इनॅमल खात्याची निवृत्त कामगार, राहणार पिपेवाल्यांची गल्ली, चौथा जिना, तिसरा मजला, सें-मोरिल, पॅरिसच्या उत्तरेस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. डावा गुडघा शाबूत नाही, परंतु नोटरींच्या म्हणण्याप्रमाणे मृत्युपत्राला गुडघा लागत नाही. हे लिहिताना माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझ्यावर दडपण आणण्याचा हक्क असलेला एकच माणूस होता, माझा नवरा रुज्जेरो, आणि त्याला ते उभ्या जन्मात जमले नाही. तो आठ वर्षांपूर्वी गेला. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा पुढील वाटपास कोणाची हरकत येण्याचे कारण नाही.

कलम एक. स्थावर मालमत्ता: नाही. घर नगरपालिकेचे आहे. कालव्याकाठचा भाजीचा तुकडा कामगार बागमंडळाचा असून माझ्यामागे तो यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. मात्र तुकडा मंडळाचा असला तरी त्यातला कोबी माझा आहे, आणि तो समोरच्या बिऱ्हाडातील तसादीत हिला द्यावा. तिचा नवरा ओतकाम खात्यात होता. बावीस वर्षे आम्ही दोघी एकमेकींच्या दारात मीठ मागायला उभ्या राहिलो. हे कलम मी तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तुम्ही मरायच्या गोष्टी करताय, पण कोबी नोव्हेंबरशिवाय धरत नाही."

"मग नोव्हेंबरपर्यंत थांबते," मी म्हणाले.

कलम दोन. बँकेत जे काही असेल त्यातून माझे दफन रुज्जेरोशेजारी साधेपणाने करावे. त्यानंतर कारखान्याच्या फाटकासमोर यूजीन ल्वारे याच्या खानावळीत जमलेल्यांना वाइनचा पहिला पेला माझ्यातर्फे द्यावा. दुसरा ज्याने त्याने आपापला घ्यावा. चार पेल्यांनंतर जे माझ्याविषयी बोलतील ते खरे समजावे.

कलम तीन. माझ्या घरातील लोखंडी वस्तूंविषयी. हे कलम नीट वाचावे, कारण बाकीचे सगळे याच्यावर उभे आहे.

कारखान्यात आम्ही एका गोष्टीला "टोप" म्हणत असू. हा टोप म्हणजे खोट्या केसांचा. कंपनीच्या वेळात, कंपनीच्या यंत्रावर, कंपनीच्या भंगारातून घरासाठी काही बनवायचे, याला टोप करणे म्हणत. वरून पाहणाऱ्याला काम चाललेले दिसते, खाली टक्कल भलतेच असते. टोपी घालणे म्हणजे फसवणे. टोप करणे म्हणजे फसवणे नव्हे, हे मी न्यायाधीशासमोरही सांगेन. ज्या माणसाला आठवडाभर दुसऱ्याच्या बॉयलरचा एकच नळ कातायला लावतात, त्याला आठवड्यातून एकदा तरी एक वस्तू मुळापासून शेवटापर्यंत आपल्या हाताने करावीशी वाटते. रुज्जेरो लेथवर होता. त्याच्या हातून या घरात कंदील, खुरपे, गोगलगायी धरायचा चिमटा आणि सात खुंट्या आल्या. आमच्या जिन्याचा कठडाही त्याचाच. नगरपालिका पाच वर्षे "येत्या महिन्यात" म्हणत राहिली आणि शेवटी लोकांनी तो डब्यांच्या पिशव्यांतून वीतवीत करून घरी आणला. कंदील, खुरपे व चिमटा तसादीतला. खुंट्या भिंतीतून निघत नाहीत, भाडेकरू जो येईल त्याच्या. कठडा सर्वांचा.

कलम चार. पांढरे इनॅमलचे घमेले, काठावर एक टवका गेलेले. ही घरातील सर्वांत मानाची वस्तू आहे. डिसेंबर १९५५ मध्ये याच घमेल्यातून मी कोबी उकडलेले पाणी तिसऱ्या मजल्यावरून ओनोरे दुक्रोक या इसमाच्या डोक्यावर टाकले. तो काखेत काहीतरी सपाट पुडके घेऊन खाली उभा होता. कंपनीचे नव्या वर्षाचे कॅलेंडर असणार. त्याने मान वर करून "झानेलाबाई" एवढेच म्हटले, पुढचे पाण्यात गेले. घमेले कोणाला द्यावे हे अजून ठरत नाही. त्याची योग्यता असलेला माणूस दिसत नाही.

कलम पाच. चूल. स्वयंपाकघरातील निळी कोळशाची चूल हा रुज्जेरोचा सर्वांत मोठा टोप. चौदा महिने ती तुकड्या-तुकड्यांनी फाटकाबाहेर आली. पाय सायकलच्या नळीतून, तळ त्याच्या पाठीला बांधून, झाकणे माझ्या पोटावर. त्या वर्षी खात्यातल्या बायकांनी माझे तीनदा अभिनंदन केले आणि तीनदा मला हसण्यावारी न्यावे लागले. घडवली त्याने, निळा रंग चढवला मी, खात्याच्या भट्टीत, मुकादम जेवायला गेलेला असताना. अशी निळाई दुकानात मिळत नाही. माझ्या माहेरच्या बंदरावर सकाळी सहाला असते ती.

या चुलीला दार नाही. बत्तीस वर्षे मी तिच्या तोंडाला पत्रा आणि पत्र्याला वीट लावून स्वयंपाक केला. बत्तीस वर्षे ती माझ्या डोळ्यांत धूर सोडते आहे. जुन्या बॉयलरशाळेत नगरपालिका कामगारांचे संग्रहालय करते आहे, तिथली मादमोआझेल क्लेमांस चूल मागायला आली होती. चांगली मुलगी आहे, पण तिने पाटीचा मजकूर आधीच लिहून आणला होता: "कंपनीच्या सौजन्याने कामगारांना मिळालेली चूल."

"सौजन्य?" मी म्हटले. "पोरी, माझ्या पोटावरून आलीय ती."

तेव्हा माझ्या मृत्यूनंतर चूल संग्रहालयास द्यावी, परंतु पुढील पाटी अक्षरशः लावण्याच्या अटीवर: "टोप. घडवणार रुज्जेरो झानेला. रंगवणार आर्मेल. दार नाही, कारण ते दरवान ओनोरे दुक्रोक याने पळवले."

कलम सहा. ओनोरे दुक्रोक. हा इसम तीस वर्षे फाटकावर लोकांच्या पिशव्या चाचपत होता. नोव्हेंबर १९५५ मध्ये एका शुक्रवारी त्याने रुज्जेरोच्या कोटाखालून आमच्या चुलीचे दार काढले. रुज्जेरोला तीन दिवस घरी बसवले आणि तो पुढे कधी मुकादम झाला नाही. तो स्वतः हसायचा. "मुकादम झालो असतो तर टोप करायला वेळ कुठला मिळाला असता?" मला हसू आले नाही, अजून येत नाही. या इसमास माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये. चुलीतली राखही नको, तिचा धूरही नको. तो दफनाला आल्यास त्याला उन्हात उभे करावे, ऊन नसल्यास पावसात.

येथे मी लेखणी ठेवली होती. पुढील मजकूर नऊ दिवसांनंतरचा आहे. वरचा मजकूर मी खोडत नाही, कारण तो बत्तीस वर्षे माझ्या मनात होता आणि खोडला तरी होताच.

झाले असे. मादमोआझेल क्लेमांसने पाटीचा मजकूर वाचला आणि म्हणाली, दुसरी बाजूही ऐकायला हवी. मी म्हटले, ऐक, बहिरा नाही तो. ती दुक्रोककडे गेली. काल दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. दारात तो उभा, ऐंशीच्या घरातला, वाळून काठी झालेला, काखेत सपाट पुडके.

"बाई, पाणी टाकणार असाल तर आधी सांगा, टोपी काढून ठेवतो."

"गुडघा दुखतोय. घमेलं उचलवत नाही."

"मग बसतो," म्हणून तो बसला आणि पुडक्याची दोरी सोडू लागला. गाठ सुटायला बराच वेळ लागला. मी मदत केली नाही.

आत चुलीचे दार होते. निळे. एका कोपऱ्याचा रंगही गेलेला नव्हता. मी ते उलटे केले. आतल्या बाजूला, फक्त चूल पेटवणाऱ्या बाईला दिसावी म्हणून, मी त्या वेळी एक छोटी सार्डिन मासळी काढली होती. ती तशीच होती.

"हे तुमच्याकडे कसं?"

"त्या शुक्रवारी साहेब माझ्या पाठीशी उभा होता," तो म्हणाला. "मी नसतं धरलं तर त्यानं धरलं असतं, आणि रुज्जेरोला तीन दिवस नाही, कायमचं घरी बसवलं असतं. दार जप्तीच्या फळीवर गेलं. तीन आठवडे मी त्याच्याकडे बघत होतो आणि आतली ही मासळी माझ्याकडे. एक दिवस कोटाखाली घातलं आणि निघालो."

"फाटकातून?"

"फाटकातूनच."

"आणि झडती?"

"माझी झडती घेणार कोण, बाई? फाटकावर मीच होतो."

मी विचारले, "एवढं केलंत, तर आणून का नाही दिलंत?"

"आणलं होतं की. डिसेंबरात."

"ते कॅलेंडर नव्हतं?"

"कॅलेंडर नव्हतं. आणि वरून आलं ते नुसतं पाणी नव्हतं, बाई. तो कोट टाकून द्यावा लागला. आठवडाभर घरात कोबीचा वास. बायको म्हणाली, ज्या घरातून असं येतं तिथे पुन्हा जायचं नाही."

आता जे कोणाला सांगितले नाही, ते लिहिते. दार गुरुवारीच बाहेर न्यायचे ठरले होते, काळे, बिनरंगाचे. रुज्जेरो म्हणाला होता, "राहू दे गं, आगीला रंग कशाला?" मीच हट्ट धरला, आणखी एक दिवस, एक भट्टी, निळे झाल्याशिवाय नाही. गुरुवारी फाटकावर साहेब नव्हता. शुक्रवारी होता. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. रुज्जेरोने ते एकदाही तोंडातून काढले नाही, आणि मला ते माझ्या नावावर ठेवायचे नव्हते, म्हणून मी ते दुक्रोकच्या नावावर ठेवले. मला याची लाज वाटते. नवरा जिवंत असताना त्याला हे सांगायला हवे होते.

दुक्रोकने बिजागरीला तेल दिले. चूल बत्तीस वर्षे तापून एका बाजूला थोडी फुगली आहे, म्हणून दार आधी अडले. मग त्याने तळहाताने एक ठोका दिला आणि ते बसले. मी वीट बाजूला केली, पत्रा काढला आणि चूल पेटवली. स्वयंपाकघरात धुराची रेघही नव्हती. माझ्या डोळ्यांना पाणी आले आणि पहिल्यांदाच सांगायला धूर नव्हता.

तेव्हा पुढील दुरुस्त्या कराव्यात.

कलम सहा रद्द. दुक्रोक दफनाला आल्यास त्याला खुर्ची द्यावी.

कलम पाचमधील चूल दारासह संग्रहालयास. पाटी अशी: "टोप. घडवणार रुज्जेरो झानेला. रंगवणार आर्मेल, जिच्या हट्टापायी एक दिवस उशीर झाला. दार दोनदा चोरून बाहेर काढले: एकदा कामगाराने, पकडला गेला, एकदा दरवानाने, पकडायला कोणी नव्हते." दुक्रोक म्हणाला, शेवटचे वाक्य त्याच्या मृत्यूनंतर लावा, मुलगी पोलिसात आहे. मान्य. मी जिवंत असेपर्यंत मात्र चुलीला कोणी हात लावू नये. मला तिच्यावर बिनधुराचा स्वयंपाक करायचा आहे आणि त्याची बरीच थकबाकी आहे.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत असे नोटरी म्हणतात. आमच्या गल्लीत साक्षीदारांशिवाय कोणी कोबीही विकत घेत नाही, तेव्हा मी दोन घेतले आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणतात, म्हणून तसादीत कोबीपायी बाद झाली. त्याच कारणाने कलम चारमधील घमेले मी मृत्युपत्रात ठेवत नाही. ते आज, मी जिवंत असताना, ओनोरे दुक्रोक यांच्या हातात दिले. त्याची योग्यता असलेला माणूस सापडला.

वरील सर्व मी स्वतः लिहिले व स्वतः वाचून पाहिले. शुद्धलेखनाची जबाबदारी बंदरावरच्या शाळेची.

सें-मोरिल, दिनांक २३ ऑक्टोबर १९८७

(सही) आर्मेल झानेला

साक्षीदार पहिला: यूजीन ल्वारे, खानावळवाला. कलम दोनमधून मला वाइनचे पैसे मिळतील, परंतु तो धंदा आहे, वारसा नव्हे.

साक्षीदार दुसरा: ओनोरे दुक्रोक, दरवान, निवृत्त. माझ्यासमोर सही झाली. घमेले मिळाले. रिकामे असल्याची आधी खात्री करून घेतली.