भाऊजींचा सांधा

प्रिय ताई,

लेकीकडे जाऊन तुला महिना झाला. नात थेट तुझ्यावर गेलीय म्हणतेस, म्हणजे घरात आता दोन हुकूमशहा! इकडे भाऊजी स्वतः चहा करतात आणि तो मला प्यावा लागतो. तब्येत बरी आहे. डोळे मात्र पार अधू झालेत, आणि ते तुला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे.

आमच्या वर्कशॉपची रीत तुला ठाऊक आहे. वेल्डिंग करणाऱ्याने सांध्याशेजारी आपला नंबर ठोकायचा आणि दुसऱ्याने तो तपासून खडूने खूण करायची. पण ज्याने हाताला धरून शिकवलं त्याचा सांधा तपासणं म्हणजे त्याचा अपमान. भाऊजींनी मला शिकवलं, नोकरीला लावलं. त्यांच्या सांध्यांवर मी न बघताच खूण करत आलो. वाचनालयाच्या लोखंडी जिन्यावरही तशीच केली.

जिना बसवल्यावर सहज हात फिरवला, तर सांध्याला केसाएवढी भेग. सांगावं, तर निवृत्तीला सहा महिने उरलेल्या माणसाची नोकरी जाणार. न सांगावं, तर रोज त्यावरून माणसं चढणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! अकरा दिवस असेच काढले. एकदा साहेबांच्या खोलीत गेलोसुद्धा, आणि रजा मागून बाहेर आलो. कारण विचारलं तेव्हा लग्न म्हणालो, पण कुणाचं ते सुचेना.

बाराव्या दिवशी जिना तुटला, त्याच सांध्यातून. ग्रंथपाल बाईंचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी दवाखान्यात जातो, बाहेरच्या बाकावर बसतो आणि त्यांना न भेटताच परततो.

उद्या चौकशी आहे. चूक आपल्या एकट्याची, तपासणीची खूणही आपणच केली, असं भाऊजी सांगणार आहेत. काल मला जेवायला वाढलं, पाठीवरून हात फिरवला आणि तू गप्प राहा म्हणाले. भेग मला आधीच दिसली होती हे त्यांना माहीत नाही. ताई, लाज वाटते लिहायला, पण ते ऐकून मला हायसं वाटलं. फार रडलो मग.

उद्या बोलायचं ठरवलंय. पण मी मला ओळखतो. म्हणून हे पत्र आधी पेटीत टाकणार आहे. तुला मिळेल तेव्हा चौकशी होऊन गेली असेल. भाऊजींना एवढंच विचार, की माझ्या भावाने तोंड उघडलं का. नाही म्हणाले, तर हेच पत्र साहेबांना पाठवून दे. माझ्यावर माया करत बसू नकोस.

तुझाच,
धाकटा