दोन सोडून सर्व संख्या

५ सप्टेंबर १९८८, सोमवार

कमलबाईंनी आज पुस्तक पाहिलं. पांघरुणाखाली धरलं होतं, पण पान उलटताना आवाज झाला. समोरच्या घरातून रोज येतात, माझ्यापुढे बसून रडतात, चहा पिऊन जातात. आज रडता रडता थांबल्या. "काय वाचस वं? पोथी शे का?"

नणंद कुंदा पटकन म्हणाली, "पोथीच आहे, कमलमावशी. आकड्यांची."

बाईंनी पुस्तकाला नमस्कार केला! मला हसू आलं. पदर तोंडावर होता म्हणून बरं. नंतर दिवसभर मन खात राहिलं. यांना जाऊन महिनाही झाला नाही, आणि मी हसले.

७ सप्टेंबर

दिवाळीपर्यंत विधवेचा कोपरा. दिवाळी नोव्हेंबरात! तोवर दिवसा उंबरा ओलांडायचा नाही, तोंड उघडं ठेवायचं नाही, आणि जागा रिकामी दिसू द्यायची नाही. भाऊ येऊन हात धरून उठवील तेव्हाच उठायचं. आणि बारावीचा गणिताचा पेपर चौदा ऑक्टोबरला, शिरपूरला. फॉर्म यांनीच भरला. "एवढा एक विषय काढून टाक, मग धुळ्याला डी.एड. कर." स्वतः हायस्कूलला गणित शिकवायचे आणि घरात बायको गणितात नापास — हेच सगळ्यांना हसून सांगायचे.

जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा. हुकली तर सुटलेले विषयसुद्धा पुन्हा. मग कसलं डी.एड. आणि कसलं काय. जन्मभर कुणाच्या तरी चुलीपाशी — इथे नाहीतर भावाकडे.

पाय आखडतात. भिंतीचे पोपडे पाठीला लागतात.

९ सप्टेंबर

फल. प्रांत. तेच पान तिसऱ्यांदा.

यांनी हे एकदा एस.टी.त समजावलं होतं. "थांबा सांगितला की कंडक्टर भाडं सांगतो. थांबा आत गेला, भाडं बाहेर आलं. हेच फल. जे जे थांबे चालतात तो त्याचा प्रांत. आता जलद गाडीत आपल्या गावाचं तिकीट माग बरं."

"देणार नाही."

"म्हणजे भाडं शून्य?"

मी म्हटलं, हो.

"अगं, शून्य म्हणजे फुकट नेतो! इथे नेतच नाही. आपलं गाव त्याच्या प्रांतातच नाही."

पुढच्या सीटवरचे तोताराम आप्पा वळून म्हणाले, "मंग सर, तेवढी जलद आपला गावले थांबाडा ना!" सगळी गाडी हसली.

एस.टी.नेच जात राहिले असते तर! ती मोटरसायकल. तो आग्रा रोड.

११ सप्टेंबर

पोळा झाला. आमच्या बैलांना रंग नाही. शेजारचे घुंगरू ऐकले.

१८ सप्टेंबर, रविवार

कुंदाला सुट्टी. ती अकरावी सायन्सला आहे, दादाची लाडकी. शेंगा सोलायचं निमित्त करून शेजारी बसली. उदाहरण होतं — क्षचा वर्ग वजा चार, भागिले क्ष वजा दोन. प्रांत काढा. मी अवयव पाडले, काटछाट केली, क्ष अधिक दोन उरलं. लिहून टाकलं: सर्व संख्या. सुटसुटीत!

"चूक, वहिनी."

"का? खाली काही उरलंच नाही."

"काटण्याआधी काय होतं? क्षच्या जागी दोन ठेव. खाली शून्य. शून्याने भागशील? आधी काय चालत नाही ते बघायचं, मग काटायचं. तू तर पुरावाच खाऊन टाकला!"

म्हणजे उत्तर: दोन सोडून सर्व संख्या. तिने आलेख काढला. सरळ रेघ, आणि दोनवर एक बारीक पोकळ गोल. तिथे बिंदू नाही. रेघ मात्र पुढे जाते, काही झालंच नाही अशी.

मला राग आला. कशाचा, कळलं नाही. पान उलटलं.

२५ सप्टेंबर, रविवार

वनाभाऊ आला माहेराहून, असोद्याहून, केळीचा घड घेऊन. मी कधी नव्हे ते एका दमात सांगितलं — पेपरच्या आदल्या दिवशी ये, कोपरा उठव, शिरपूरला सोड. तो टोपी मांडीवर फिरवत बसला.

"बेबा, दिवाळीला येतोच आहे ना मी. आत्ता उठवलं तर लोक म्हणतील, भावालाच घाई झाली. मार्चला दे."

"मार्चला अभ्यासक्रम बदलतो."

"मग नवा वाच! तुला कोण हाकलतंय?"

जाताना म्हणाला, केळी अजून कच्ची आहेत, दोन दिवस ठेवा.

२ ऑक्टोबर

काही नाही.

८ ऑक्टोबर

सासऱ्यांना विचारलं. कोपऱ्यातूनच, पदर न काढता. आबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "मी नही म्हणत नही, पोरी. पन गावले काय सांगू? कोपरा सोडीसन सून कोठे गयी?"

सासूबाई चुलीपाशी होत्या. फक्त भांडी आपटली. त्या तशाच. यांचं झाल्यापासून सगळं त्याच ओढतात — माणसांचा चहा, गडी, कपाशी, गोठा. एक क्षण बसत नाहीत.

संपलं मग. पुस्तक कुंदाला परत दिलं. तिने घेतलं नाही. भांडली. "दादा असता तर —" म्हणाली आणि तिथेच थांबली.

११ ऑक्टोबर

पुन्हा पुस्तक काढलं. जायचं नसलं तरी हात रिकामे राहवत नाहीत. वर्गमुळाखाली क्ष वजा पाच. पाचाच्या खालचं काही चालत नाही, पाच चालतो. उत्तर शून्य येतं, पण येतं!

१३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सासूबाई पीठ मळता मळता एकदम म्हणाल्या, "पेपर कितला वाजता शे?"

"अकराला."

"अंधारानी गाडीमा कुंदासंगे जाय. अंधारं पडनं का ये."

"आणि इथे?"

"अठे मी बठसू. तुन्हं पांघरूण आंगवर लेसू, पदर खाले वढसू. कोणले समजस, सासू शे का सून?"

आबा खाटेवरून म्हणाले, "कमलबाई रोज येस. ती वळखी लेई."

"ती तोंड कव्हय देखस? ती कपबशी देखस! आणि मन्हं कोणी इचारं, तर सांगी द्या, कपाशीमा गयी."

आबा हसले. खोकल्यासारखं, पण हसले. त्या पुन्हा पीठ मळायला लागल्या.

१४ ऑक्टोबर

परतीच्या गाडीत लिहिते आहे, अक्षर हलतंय. सकाळी अंधारात उंबरा ओलांडला तेव्हा पाय भरभर पडेनात. उजाडल्यावर खिडकीतून शेतं बघत राहिले. कुंदा म्हणाली, वहिनी, तोंड मिट!

पेपर बरा गेला. प्रांताचं उदाहरण आलं होतं. आधी काय चालत नाही ते लिहिलं, मग हात पुढे चालला. पासापुरतं नक्की. सासूबाईंना कधी सांगते असं झालंय.

१५ ऑक्टोबर

आई कोपऱ्यातून उठल्या नाहीत. काल अंधार पडल्यावर मी पांघरुणाला हात लावून म्हटलं, उठा, मी आले. आत सगळं अंग हुंदक्यांनी हलत होतं. "ऱ्हाऊ दे. तू सून शे, तुले बठाडं. मी माय शे, माले कोणी बठाडंच नही."

आज चूल मी पेटवली. कमलबाई दारातच थबकल्या. त्यांना मी आईंच्या शेजारची जागा दाखवली.