नानांचा आवाज आणि तुझा ड्रायव्हर

लालबाग, रविवार

चि. नूपुर हिला बकुळामावशीचे आशीर्वाद. (रागावलेल्या माणसाचेही लागतात, असं तुझी आजी म्हणायची.) बंगळुरूच्या हवेत तुझ्या सर्दीने पुन्हा डोकं वर काढलं नसावं आणि तू वेळेवर जेवत असावीस. तुझ्या आजोबांचा, म्हणजे नानांचा रक्तदाब ठीक आहे, माझे गुडघे होते तसेच. पत्र अशासाठी की फोनवर मी चिडले की तू "हो मावशी, हो मावशी" म्हणत पलीकडे कीबोर्ड बडवत असतेस. कागदावरचा राग निदान पूर्ण वाचावा लागतो.

मी तुला विचारलं होतं एवढंच, की नानांची भजनं ज्या डिस्कवर ठेवलीत ती अजून किती वर्षं टिकेल. कोणीही "टिकेल गं" म्हणालं असतं तर माझं समाधान झालं असतं. पण तू पडलीस डिस्कवाल्या कंपनीतली. तू दोन पानं सूचना पाठवल्यास. डिस्कचं आयुष्य तपासणारं तुमच्या टीमचं नवं टूल, त्याला चित्र नाही, बटण नाही, काळ्या पडद्यावर कमांड लिहायची. आणि त्याचा स्वतःचा ड्रायव्हर आहे, तो म्हणे कर्नलला न विचारता थेट डिस्कशी बोलतो. (कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे, कॉम्प्युटरचा कारभारी, एवढं मला कळतं. टेलिफोन खात्यात जन्म गेला माझा.) मधला कारभारी टाळला की काम झपाट्याने होतं, असं तू लिहिलंस. मला झपाटा कशाला हवा होता? नव्वदीला टेकलेला माणूस भजन ऐकतो, त्याला कुठली गाडी पकडायची आहे?

शनिवारी सकाळी पोहे आटोपून बसले. टूल उतरवायला घेतलं, तर ते म्हणालं आधी अमुक लायब्ररी आण. ती आणली, तर तिला तमुक हवी. एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने मेहुण्याला, मेहुण्याने साडूला घेऊन यावं, तशी ही वरात. मग मेमरीतली मोठमोठी पानं (म्हणजे कप्पे) आमच्यासाठी राखून ठेवा म्हणून हटून बसलं. ठेवली. त्याबरोबर कॉम्प्युटर असा मंदावला की पडद्यावरचा बाण हलवायला मला आर्जवं करावी लागली. शेवटी तुझी सूचना, की डिस्क वापरातून मोकळी करून ड्रायव्हरच्या ताब्यात द्यावी. त्या वेळी नाना त्याच डिस्कवरची कणकवलीची डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सवाल-जवाबाचा सामना, ऐकत होते, घशाच्या ऑपरेशनआधीची त्यांची शेवटची. समोरच्या बुवांचा सवाल गाऊन झाला होता आणि आता नानांचं उत्तर येणार, तेवढ्यात मी त्यांना जरा थांबा म्हटलं, भजन बंद केलं आणि कमांड दिली.

डिस्क गायब. फोल्डर नाही, नाव नाही, काही नाही. तुझ्या टूलला विचारलं, तर ते ठासून सांगतंय की डिस्क ठणठणीत आहे, वर तिचं तापमानही दिलं. कॉम्प्युटरला विचारलं, तर तो म्हणतो कसली डिस्क? हॉस्पिटलात डॉक्टर म्हणतोय पेशंट फर्स्ट क्लास, आणि खाट रिकामी! बंद करून पुन्हा चालू करावा, हा आमच्या खात्यातला पहिला धडा. पण तू ठळक अक्षरांत लिहिलं होतंस की मध्ये मशीन बंद करू नये. तुला फोन लावला, तर तू ट्रेकला आणि तिथे रेंज नाही.

नाना खुर्चीतून सगळं बघत होते. ऑपरेशनपासून त्यांचा आवाज म्हणजे नुसता वारा. त्या वाऱ्यात ते म्हणाले, "बकुळा, माझो आवाज खंय गेलो गो?"



खालच्या मजल्यावरच्या हितेंद्रला बोलावलं. (त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तोंड दुकानाहून मोठं.) तो स्क्रूड्रायव्हर घेऊनच आला. काही न बघता डिस्क जळाली म्हणाला, आता फॉरमॅट करू म्हणाला. मी म्हटलं, जळालेल्याला पुन्हा अग्नी कशाला देतोस? तो दुखावून गेला. आज सकाळी त्याची बायको लिफ्टमध्ये माझ्याशी बोलली नाही. हेही तुझ्यामुळे.

संध्याकाळी तुझा फोन आला, आणि तू हसलीस. "अगं मावशी, डिस्क कुठे जाणार? आमच्या ड्रायव्हरने कर्नलकडून काढून घेतली, म्हणून त्याला दिसेना. रिसेटची कमांड दे, परत मिळेल." दिली. मिळाली. सगळी भजनं जागच्या जागी. वर तू म्हणालीस, तेव्हा कॉम्प्युटर नुसता बंद करून चालू केला असतास तरी चाललं असतं. मग ती ठळक अक्षरं कोणासाठी होती? घ्यायची रीत दोन पानं भरून लिहितेस आणि परत द्यायची एक ओळ लिहीत नाहीस. एवढं शिकवून आम्ही हेच शिकवलं का तुला? दिवसभर डिस्क माझ्या गुडघ्याजवळ कॉम्प्युटरच्या डब्यात सुखरूप होती, आणि इथे एक म्हातारा माणूस आपला आवाज गेला असं धरून चालला होता.

तुझं टूल मी काढून टाकलंय. तुमच्या कंपनीचं काहीही यापुढे या घरात पाठवू नकोस. तुझ्या आईला मी हे तिखटमीठ लावून सांगणार आहे. लोभाबद्दल सध्या विचारू नये.

तुझी,
बकुळामावशी

ता. क. टूलने डिस्कचं नव्वद टक्के आयुष्य शिल्लक दाखवलं. ही माहिती उपयोगाची होती, हे मी कबूल करणार नाही.

आणखी एक. हितेंद्र गेल्यावर नानांनी मला जवळ बसवलं. डबलबारीतलं ते उत्तर कायमचं गेलं असं त्यांना वाटलं होतं, म्हणून मला नीट ऐकून ठेव म्हणाले आणि गायले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. आवाज फाटका, अर्ध्या ओळी नुसत्या श्वासाच्या, पण शब्द एकही चुकला नाही. मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. डिस्क परत आल्यावर जुनं लावलं, तर हाताने बंद कर अशी खूण केली. म्हणाले, "ता ऱ्हवांदे. उद्या आपणच म्हणूया."

आज सकाळी पुन्हा गायले. कोरसाला मी एकटी, आणि माझा सूर तुला माहीत आहे. ट्रेकला रजा मिळते तर कोरसाला यायलाही मिळेलच, शुक्रवारी निघ. फोनवर केलेलं रेकॉर्डिंग मी पाठवणार नाही, मागू नकोस.